तुझ्या डाव्या हाताची जागा

सगुणा, तुझ्या डाव्या हाताची जागा काल भरली. तिथं मी नाही. तिथं यशवंतमामा आहेत, आपल्या चर्चची घंटा वाजवणारे, आणि त्यांचा खड्डा खणायला मीही गेलो होतो.

'आपल्या चर्चची' असं लिहून गेलो बघ. तू असतीस तर लगेच पकडलं असतंस. "आपल्या? कवापासनं?" असं विचारून पदर तोंडाला लावून हसली असतीस. मग दिवसभर त्यावरून मला चिडवलं असतंस. आता चिडवायला कुणी नाही, म्हणून तो शब्द तसाच राहू देतो.

तुझं नाव लिहितानाही हात अडतोय. जन्मभर मी तुला 'अगं' म्हणालो आणि तू मला 'अवो'. बाजारात कुणी चौकशी केली तर 'घरातली मंडळी बरी हायेत' एवढंच. तुला मातीला न्यायच्या आधी पेटीवर नाव घालायला पाळकसाहेब रंगाचा डबा घेऊन आले आणि त्यांनी विचारलं, पूर्ण नाव काय लिहायचं? सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणालो, सगुणा. पुढचं मला बोलता आलं नाही, ते प्रकाशने सांगितलं. आपला पोरगा नागापूरच्या कारखान्यात मशीनवर काम करून धीट झालाय.

जागेचं आधी सांगतो, कारण तिथंच माझा जीव अडकलाय. बहात्तर साल कोरडं गेलं आणि त्र्याहत्तरचा उन्हाळा तू अर्धाच बघितलास. ख्रिस्ती मंडळींची दफनभूमी म्हणजे ओढ्याकाठची चिंचोळी पट्टी. ओढ्यात यंदा थेंब नाही. पट्टीला मुरूम आहे, तिथं पहार निदान आत तरी जाते. वरच्या अंगाला नुसता खडक. तिथं माणूस पुरायचा तर सुरुंग लावावा लागेल, आणि सुरुंग लावणारी माणसं सगळी दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलेली. म्हणून त्या पट्टीतल्या जागा मंडळी जपून वापरते. तुला हे ठाऊक होतं. अंथरुण धरल्यावर तू पाळकसाहेबांना बोलावून घेतलंस आणि माझ्यासमोर म्हणालीस, "सायेब, माज्या डाव्या हाताला एका माणसाची जागा सोडा."

साहेब अवघडले. "सगुणाबाई, मंडळीचा नियम तुम्हाला माहीत आहे. ती जमीन बाप्तिस्मा झालेल्यांसाठी आहे. बाबुरावांनी तर अजून..."

"त्ये येतील."

"कधी?"

"त्ये देवाला ठाव. तुमी जागा सोडा."

साहेबांनी मान डोलावली. मी कोपऱ्यात बसून दाव्याला गाठी मारत होतो. माझ्याबद्दल माझ्याच घरात सौदा चालला होता आणि मला कुणी विचारलंही नाही. एरवी मी चिडलो असतो. त्या दिवशी तुझा आवाज इतका बारीक झाला होता की मला चिडणं सुचलं नाही.

आपल्या आळीत निम्मी घरं चर्चची आणि निम्मी म्हसोबाची. भाऊबंद तेच, सोयरीकही एकमेकांतच. तरी तुझं लग्न माझ्याशी ठरलं तेव्हा चर्चच्या लोकांनी कुरकुर केली होती. तुझे वडील कोल्हारकडे गावोगाव फिरून सुवार्ता सांगायचे. सुवार्तिकाची पोरगी बाहेरच्या घरी कशी द्यायची? तुझे वडील म्हणाले, "देवानं ज्याला आपला ठरवलाय त्यो भाईर ऱ्हातच न्हाई. उशीर करंल, पर येईल." त्यांनी मला बाप्तिस्म्याची अट घातली नाही. मला त्या वेळी वाटलं, सासरा भला माणूस आहे. त्यांनी मला केवढ्या पेचात टाकून ठेवलंय, ते आता कळतंय.

तुझं म्हणणं वडिलांचंच. साधं होतं आणि भयंकर होतं. जग घडायच्या आधीच देवाने आपली माणसं ठरवून ठेवली. कुणाचं पुण्य बघून नाही आणि पुढे कोण विश्वास ठेवील हे ताडूनही नाही. त्याच्या मर्जीने, त्याच्या प्रेमाने. त्यांचं तारण होणार, ती मेल्यावरही त्याच्यापाशी राहणार. माणसाने आपल्या पायांनी तिथं पोचायचं म्हटलं तर पोचत नाही. तोच ओढून नेतो.

आपल्या पाळकसाहेबांना हे सगळंच्या सगळं पटायचं नाही. ओसरीवर चहा पिताना तुमची जुंपायची. साहेब म्हणायचे, "बाई, देव दार ठोठावतो. उघडायचं काम आपलं."

"आन आतला माणूस मेल्याला असला तर? मेल्यालं माणूस उठून कडी कसं काढंल, सायेब?"

"मग मी दर रविवारी घसा कोरडा कशाला करतो?"

"हाक मारायचं काम तुमचं. उठवायचं त्याचं."

साहेब हसायचे, पण हटायचे नाहीत. ते म्हणायचे, मग ज्याला त्याने ठरवलंच नाही त्या बिचाऱ्याचं काय? तेव्हा तू कपबशा उचलायचीस. तुझ्याकडे त्याचं उत्तर नसायचं, आणि उत्तर नसलं की तुझ्या हातातल्या बशा जास्त वाजायच्या.

माझं भांडण वेगळंच होतं. मी घोडेगावच्या बाजारातला दलाल. अख्खा जन्म निवड करण्यातच गेला. जनावराचं तोंड उघडायचं, दोन दाती की चार दाती की सगळे दात जुळलेला ते बघायचं, वशिंडावरून हात फिरवायचा, खूर उचलायचा, अंगावरचा केसांचा भोवरा कुठं आहे ते शोधायचं, चार पावलं चालवायचं. मग रुमालाखाली हात घालून बोटं दाबायची आणि भाव ठरवायचा. मी तुला म्हणायचो, "अगं, न बघता कुणी निवडतं व्हय? तुजा देव तर मानूस जल्माला यायच्या आदीच निवडून बसलाय. दात बघितलं न्हाईत, खूर बघितलं न्हाईत. ह्यो कसला यवहार?"

तू भाकरी थापता थापता म्हणायचीस, "म्हनून त्यो देव हाय आन तुमी दलाल."

ह्या एका वाक्यावर मी कित्येकदा जेवताना ठसकलोय. तेव्हा राग यायचा. आज ते वाक्य ऐकायला मी काहीही देईन.

रविवारी उपासनेला तू आत आणि मी बाहेर लिंबाखाली. प्रभुभोजनाचा रविवार असला की उशीर व्हायचा. भाकर मोडून आत सगळ्यांना मिळायची, बाप्तिस्मा झालेल्यांना. तू बाहेर यायचीस आणि पदराची गाठ सोडून मला गुळाचा खडा नि भाकरीचा तुकडा द्यायचीस, घरून बांधून आणलेला. म्हणायचीस, "ही घरची हाय. हिला कुनाची परवानगी लागत न्हाई. खावा." मी खायचो. तू मला कधी आत ओढलं नाहीस, सगुणा. चल म्हणाली नाहीस, रुसली नाहीस, प्रकाशच्या तोंडून निरोप धाडला नाहीस. बाकीच्या बायका नवऱ्यांच्या मागे लागायच्या. मला वाटायचं, हिला माझी काळजीच नाही. तू कुणाच्या मागे लागत होतीस ते मला दवाखान्यात कळलं.

पण त्याआधी गायीचं सांगायला हवं.

दुष्काळाने बाजार जनावरांनी भरला आणि गिऱ्हाइकांनी रिकामा झाला, ते दिवस. माणसं पाथर्डी-शेवगावकडून चालत जनावरं आणायची आणि कुणी घेईना म्हणून तिथंच सोडून जायची. बायका बाजारात येत नाहीत, पण तू त्या दिवशी प्रकाशसाठी नागापूरला डबा पाठवायचा म्हणून टेम्पो गाठायला आली होतीस. टेम्पो सुटून गेलेला. परत फिरायचं सोडून तू थेट जनावरांच्या दाव्यांमधून चालायला लागलीस. मी मागे. चार माणसं बघत होती. एका गायीजवळ तू थांबलीस. भाकड, एक शिंग मोडकं, बरगड्या लांबूनही दिसत होत्या. धनी शेजारी उकिडवा बसला होता. तू तिच्या कपाळावर हात ठेवलास.

"ही."

"ही काय?"

"ही आपली."

"याड लागलं का तुला? थांब, दात तरी बघू दे."

"नगा बघू."

मी, बाबुराव दलाल, भर बाजारात बायकोच्या सांगण्यावरून दात न बघता जनावर घेतलं. धन्याने दावं माझ्या हातात दिलं आणि तोंड फिरवून रडायला लागला. तो काही मागायलाही थांबला नाही. लोक हसले ते हसलेच. त्यात ती गाय यायलाही तयार नाही. बसली ती बसली. मी म्हणालो, "हिचंच मन न्हाई यायचं. सोड." तू तिच्या मागे जाऊन शेपटीशी हात घातलास, मला पुढून उचलायला लावलंस आणि म्हणालीस, "तिला कुटं कळतंय ती आपली झाली त्ये? आपल्याला कळलं न्हवं, बास."

नंतर तुझा भाऊ कोल्हारहून उसाचं वाढं धाडायचा, त्यावर ती जगली. दूध एक थेंब दिलं नाही तिने, अजूनही भाकडच आहे. तू गेल्यापासून दारात कुणाची सावली पडली की मान वर करते आणि मग पुन्हा खाली घालते. मीही तेच करतो.

नगरच्या दवाखान्यात तुला नेलं तेव्हा डॉक्टर बऱ्याच गोष्टी बोलले, मला त्यातली एकच समजली. बायकांच्या वॉर्डात दुपारी बाकीच्यांची माणसं डबे घेऊन आली होती. शेजारच्या खाटेवर कुणी आंबट वरणाचं कौतुक करत होतं. तू डोळे मिटून पडली होतीस आणि डोळ्यांच्या कडेने पाणी उशीवर उतरत होतं. मला वाटलं दुखतंय.

"भ्या वाटतंय का गं?" मी विचारलं.

"माजं न्हाई," तू म्हणालीस. "तुमचं वाटतंय."

मी खाटेच्या कडेला टेकलो.

"देवाला लई येळा इचारलं मी, तुमाला ठरवलंय का म्हनून. रोज इचारलं. माजं त्यानं सांगितलंय. पोराचंबी सांगितलंय. तुमचं सांगतच न्हाई."

"अगं, पन तू सायबाला सांगितलंस न्हवं, त्ये येतील म्हनून?"

"सायबाला काय सांगू मग? जागा सोडली नसती त्यानं."

सगुणा, तुला रडताना मी बघितलं होतं. बाप गेला तेव्हा रडलीस, प्रकाश पहिल्यांदा घर सोडून गेला तेव्हा रडलीस. पण जिचा शब्द मी जन्मात डळमळलेला बघितला नव्हता, ती खाटेवर पडून माझ्यासाठी डळमळत होती. मी तुझा हात धरला आणि जे तोंडाला आलं ते बोललो. म्हणालो, "मी येतो की. उद्याच सायबाला बोलावतो, डोक्यावर पानी घेतो. मग झालं?"

तू माझ्याकडे बघितलंस. त्या नजरेत राग नव्हता, चिडवणंही नव्हतं.

"तुमच्या हातात असतं," तू म्हणालीस, "तर मी कशापायी रडत बसले असते?"

मग तू माझा हात तुझ्या गालाखाली घेतलास आणि निजलीस. त्यानंतर आपलं बोलणं झालं ते पाण्याचं, औषधाचं, गायीला वाढं टाकलं का त्याचं. ते भांडण तिथंच राहिलं. तू गेलीस.

मला तुझ्या देवाचा राग येतो. लपवत नाही. जी बाई जन्मभर त्याच्या बाजूने भांडली, नवऱ्याशी, पाळकाशी, साऱ्या आळीशी, तिला शेवटी एवढी एक गोष्ट कानात सांगायला त्याचं काय जात होतं? हो म्हणायचं होतं किंवा नाही म्हणायचं होतं. तुला तसंच टांगून ठेवलं. आणि तू मात्र त्याच्यावर रागावली नाहीस. ते मला त्याच्यापेक्षा जास्त छळतं.

तुला मातीला देऊन आलो आणि थोड्याच दिवसांत यशवंतमामांनी अंथरुण धरलं. त्यांची बायको कुठं आहे तुला माहीतच आहे. तुझ्या डावीकडे ती रिकामी जागा आणि तिच्या पलीकडे मामी. पाळकसाहेब ओसरीवर येऊन बसले. चहा निवला तरी हात लावला नाही.

"बाबुराव, मंडळी मला विचारते आहे. मामा काही आठवडा काढत नाहीत. दुसरीकडे खणणं होणार नाही. तुम्ही बाप्तिस्मा घेणार असाल तर जागा तुमची, कुणी एक शब्द बोलणार नाही. येत्या रविवारी घेऊ."

प्रकाश सुट्टी काढून आला होता. तो म्हणाला, "घ्या ना आप्पा. आईची तेवढीच इच्छा होती. तुमचं काय अडतंय?"

मी उठून गोठ्यात गेलो आणि गायीशेजारी बसलो. मला तुझ्याजवळ यायचं होतं, सगुणा. इतकं यायचं होतं की त्याच वेळी यशवंतमामांच्या आधी मरावं असं वाटलं. डोक्यावर पाणी घ्यायला काय लागतं? पण बाजारात म्हाताऱ्या बैलाची शिंगं साळून, तेल चोपडून त्याला तरणा म्हणून उभा करतात, ते मी हजारदा बघितलंय, आणि असा सौदा मी ओळखतो. तुझ्याशेजारी निजायला मिळावं म्हणून मी पाणी घेतलं असतं. तुझा देव फसला असता की नाही ते मला माहीत नाही. तू फसली नसतीस. तू म्हणाली असतीस, "अवो, शिंगाला त्याल लावून आलाव व्हय?"

मी बाहेर आलो आणि म्हणालो, "सायेब, जागा मामांना द्या. मामीच्या शेजारी जाऊ द्या त्यांना."

"आणि तुम्ही?"

"माजं भाऊबंद बघतील, कुटं बी टाकतील. त्यानं मला आपला म्हनून ठरवला असंल तर त्यो मला तिथनं हुडकून काढंल. आन ठरवला नसंल, तर तिच्या शेजारी निजून काय उपेग?"

प्रकाश चिडून आत गेला. साहेबांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला आणि पुन्हा लावायचं विसरले.

"बाबुराव, हे तर सगुणाबाईंचं बोलणं आहे."

"मग दुसरं कुनाचं बोलू? घरात त्येच ऐकलंय."

साहेब उठले. जाताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, पण रविवारचं पुन्हा काढलं नाही.

मामा परवा गेले. खड्डा घ्यायला माणसं कमी होती, म्हणून पहार घेऊन मीही गेलो. तू हसशील, शेजारी कोण मिळालं तुला. त्यांचा खोकला आळीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत ऐकू यायचा. कमरेइतकं खोल गेल्यावर उजव्या बाजूचा मुरूम ढासळला आणि तुझ्या पेटीची कड उघडी पडली. फळीचा एक कोपरा, हाताच्या पंजाएवढा. वर माणसं होती. मी त्यांना म्हणालो, जरा पाणी पिऊन या. ती गेल्यावर मी पहार टाकली आणि त्या कोपऱ्यावर हात ठेवून उभा राहिलो. तुला 'अगं' म्हणालो. मग ओंजळीने माती घेऊन तो कोपरा लिंपला, घट्ट दाबला, आणि माणसं यायच्या आत पुन्हा खणायला लागलो.

एवढं जवळ मी आता पुन्हा कधी येणार नाही.

आज घरी बसून हे लिहितोय. प्रकाश नागापूरला परत गेला, माझ्याशी धड न बोलता. गायीला वाढं टाकलं. तिने मान वर केली आणि खाली घातली. तुझ्या देवाशी बोलायची रीत मला येत नाही, ती तू कधी शिकवली नाहीस. तुझ्याशी बोलायची येते. म्हणून निरोप तुझ्याकडेच देतो, तू आता त्याच्यापाशी आहेस, तुझं तर त्याने सांगितलंच होतं.

बाजारात मी दुसऱ्यांची जनावरं उभी केली, आता मीच उभा आहे. माझ्यात काय खोट आहे ते तुला सगळं ठाऊक आहे. भाकड आहे, म्हातारा आहे, उठून चालायची माझी ताकद नाही, आणि मी त्याचा आहे की नाही हे मला कळत नाही. तू विचारलंस तेव्हा तो बोलला नाही. आणखी एकदा विचार. त्याला म्हणावं, बाजार उठायच्या आत ये, आणि ह्याच्या कपाळावर हात ठेव. आणि एवढं सांग, सगुणा, दात बघू नको म्हणावं.